येथील क्षेम : एकोणिसाव्या शतकातली घरगुती पत्रं आणि आजारपणाची बातमी



नंदुरबारात येऊन इतिहासावर बोलायचं म्हटलं की श्रोत्यांची एक रास्त अपेक्षा असते. ९ सप्टेंबर १९४२ हा दिवस या गावानं जपून ठेवलेला आहे. शिरीषकुमार आणि त्याच्या साथीदारांचं नाव घेतल्याशिवाय इथे इतिहासाची सुरुवात होत नाही, आणि होऊही नये. तेव्हा त्या मुलांना वंदन करून आम्ही आज जरा वेगळ्या, दिसायला अगदी लहान अशा विषयाकडे वळणार आहोत. ताप, खोकला, अशक्तपणा, बाळंतपण, म्हाताऱ्यांचे डोळे, पोराचा दात. एकोणिसाव्या शतकातली माणसं आपल्या नातेवाइकांना या गोष्टी कशा कळवत होती, आणि कोणत्या गोष्टी कळवत नव्हती, हा आजचा विषय.

आपल्यातल्या साठीपुढच्या मंडळींना आठवत असेल, घरोघरी खुंटीला एक तार असायची. खाली लाकडाची चकती, वर आकडा. आलेलं पोस्टकार्ड वाचून झालं की त्या तारेत टोचायचं. आमच्या घरीही होती. शाळेत असताना मोठ्यांना पत्र वाचून दाखवण्याचं काम आमच्याकडे असे, आणि खरं सांगायचं तर पहिल्या दोन ओळी आम्ही न वाचताच सोडून देत असू. कारण त्या ठरलेल्या. 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष. येथील क्षेम, आपले क्षेम कळवावे.' मजकूर त्यानंतर सुरू होतो असं आम्हांला वाटे. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवून झाल्यावर, उतारवयात जुनी पत्रं वाचायला घेतली, तेव्हा लक्षात आलं की आम्ही जे सोडून देत होतो तोच मजकूर होता.

आता 'क्षेम' हा शब्द बघा. आपण तो 'खुशाली' या अर्थानं घेतो. पण 'योगक्षेम' या जोडशब्दात त्याचा अर्थ नेमका आहे. गीतेच्या नवव्या अध्यायात हा शब्द येतो, आणि तिथे शंकराचार्यांनी भाष्यात त्याची फोड केली आहे. योग म्हणजे जे मिळालेलं नाही ते मिळणं, आणि क्षेम म्हणजे जे मिळालेलं आहे ते टिकणं. म्हणजे 'येथील क्षेम' याचा अर्थ 'आम्ही आनंदात आहोत' असा नाही. 'मागच्या पत्राच्या वेळी जेवढी माणसं होतो तेवढी अजून आहोत', असा आहे. ती मोजदाद आहे. आणि ज्या काळात पटकी आली की आठवड्यात घर रिकामं होत असे, देवी आल्या की पाळणा रिकामा होत असे, त्या काळात ही मोजदाद पत्राच्या पहिल्या ओळीत येणं साहजिक होतं.

जुन्या पत्रांत आणखी एक बारकावा असतो. तिथे नुसतं 'येथील कुशल' असं लिहीत नसत. 'येथील कुशल अमुक तिथीपर्यंत जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे', अशी ती धाटणी होती. तिथीपर्यंत! आमच्यासारख्या तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला याचं फार कौतुक वाटतं. पत्र लिहिणाऱ्याला ठाऊक आहे की हे पोचेपर्यंत दिवस जाणार, आणि त्या दिवसांची हमी त्याला देता येत नाही. म्हणून तो आपल्या विधानावर तारीख घालतो. 'आम्ही बरे आहोत' असं तो म्हणत नाही. 'त्रयोदशीपर्यंत बरे होतो' एवढंच म्हणतो. वाचणाऱ्याच्या वाट्याला मधल्या दिवसांची काळजी येते.

ही काळजी किती मोठी असू शकते याचं उदाहरण म्हणजे वरसईचे विष्णुभट गोडसे. कोकणातला हा भिक्षुक १८५७ साली घरचं कर्ज फेडण्यासाठी काकांबरोबर उत्तरेकडे निघाला. सातपुडा ओलांडून महूच्या परिसरात पोचतो तो बंडाची धामधूम. पुढे झाशी, आणि झाशीचा पाडाव त्यानं डोळ्यांनी पाहिला. दोन वर्षांहून अधिक काळ हा माणूस घराबाहेर होता. आपण 'माझा प्रवास' वाचतो ते राणी लक्ष्मीबाईंसाठी. आमची विनंती आहे की ते पुस्तक एकदा त्याच्या आईवडिलांच्या बाजूनं वाचून बघा. इकडे वरसईत दोन म्हातारी माणसं, आणि मुलगा आहे की नाही याचा पत्ता नाही. तो परत येतो तेव्हा त्या घराचं जे होतं, ती त्या पुस्तकातली आमच्या मते सगळ्यात मोठी घटना आहे.

आता टपालाकडे येऊ. १ ऑक्टोबर १८५४ पासून हिंदुस्थानात टपालाचा दर अंतरावर ठरेनासा झाला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या तालुक्याला जावो की कलकत्त्याला. पुढे जुलै १८७९ मध्ये पाव आण्याचं कार्ड निघालं. एका पैशात क्षेमकुशल! नोकरीसाठी बाहेर पडलेल्या माणसाला घराशी बांधून ठेवणारी ही व्यवस्था होती. रेल्वेनं माणसं लांब नेली, आणि टपालानं त्यांना घरचं ठेवलं.

पण इथे एक गोष्ट विसरू नका. पत्र आज आपण मनातल्या मनात वाचतो. तेव्हा ते ओसरीवर, माजघरात, मोठ्यानं वाचलं जाई. लिहिता येणारा एक, ऐकणारे दहा. सासरी असलेल्या मुलीला लिहिता येत नसे, आणि येत असलं तरी ते उघड करण्याची सोय नसे. मग तिचं क्षेम कोण लिहिणार? सासरा किंवा दीर. 'चि. सौ. सुखरूप आहे.' संपलं. तिला महिनाभर अंगावर ताप असेल, तिसरं मूल दगावलं असेल, कंबर धरली असेल, पण ते सगळं त्या 'सुखरूप'च्या पोटात. वैद्य घरी आला तरी त्याला तिचं दुखणं नवऱ्याच्या किंवा सासूच्या तोंडून कळायचं. बाईचं शरीर बाईच्या शब्दांत कागदावर येणं ही त्या शतकात घडलेली नवी गोष्ट आहे.

आणखी एक. शुभकार्याच्या पत्राला हळदकुंकवाची बोटं लागत आणि ते जपून ठेवलं जाई. मृत्यूची बातमी आणणारं पत्र मात्र वाचलं की लगेच फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही, अशी रीत. त्यामुळे आज आपल्या हाती आलेल्या जुन्या दप्तरांत लग्नमुंजी भरपूर आणि मरणं कमी. इतिहासाच्या विद्यार्थ्यानं हे ध्यानात ठेवायला हवं. कागद जपणाऱ्या माणसांनी कागद निवडलेले असतात.

या पार्श्वभूमीवर आपण तीन घरं बघू.

पहिलं घर पुण्यातलं. १० ऑक्टोबर १८५६ ची तारीख असलेलं एक पत्र आहे, नायगावहून लिहिलेलं. लिहिणारी पंचवीस वर्षांची बाई, सावित्रीबाई फुले. ज्यांना लिहिलं ते तिचे पती जोतीराव. सावित्रीबाई आजारी होत्या आणि विश्रांतीसाठी माहेरी आल्या होत्या. पत्राची सुरुवात अगदी आपल्या ओळखीची आहे. प्रकृतीला बरेच चढउतार झाले, आता बरं आहे. भावानं खूप सेवा केली. पूर्ण बरं वाटलं की पुण्याला येते, काळजी करू नये. फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही.

थांबा इथे. ही शेवटची गोष्ट किती घरगुती आहे! आजारी बाई दुसऱ्या गावी आहे आणि तिच्या मनात काय येतं? 'माझ्या वाटचं काम तिकडे कोणाच्या अंगावर पडलं असेल?' आपल्या घरातली कुठलीही बाई दवाखान्यात असली की हेच बोलते. पण या एका घरगुती काळजीमुळे इतिहासाला केवढी गोष्ट कळली. फातिमा नावाची सहकारी त्या कामात इतकी जवळची होती की तिच्याबद्दल सफाईदार ओळख करून द्यावी लागत नाही. नुसतं नाव पुरतं. ती कुरकुर करणार नाही असा भरवसा आहे. फातिमा शेख यांच्याविषयी कागदोपत्री फार थोडं हाती लागतं; त्या थोड्यातला हा एक महत्त्वाचा उल्लेख, आणि तो आला कुठे? आजारपणाच्या मजकुरात. आम्ही लहानपणी जो भाग वाचायचा सोडत होतो, त्या भागात!

त्याच पत्रात पुढे भावाबहिणीचा वाद आहे. ज्या भावानं रात्रंदिवस शुश्रूषा केली, तोच तिला सांगतो की तुम्ही नवराबायको महार-मांगांसाठी जे काम करता ते कुळाला बट्टा लावणारं आहे. ती त्याला उत्तर देते. आई ऐकते आहे. हा प्रसंग आम्हांला फार मोलाचा वाटतो, कारण खरी घरं अशीच असतात. सेवा करणारा आणि विरोध करणारा ही दोन वेगळी माणसं नसतात. सुधारकांच्या चरित्रांत एका बाजूला शत्रू आणि दुसऱ्या बाजूला मित्र उभे केलेले असतात. पत्रात मात्र तोच भाऊ डोक्यावर पाण्याची पट्टी ठेवतो आणि तोच 'हे सोडून दे' म्हणतो.

१८६८ आणि १८७७ या सालांची त्यांची आणखी दोन पत्रं छापलेली आहेत. १८७७ चं पत्र ओतूरहून, दुष्काळातलं. त्यात घरच्या आजाराची जागा गावोगावच्या उपासमारीनं घेतलेली दिसते. क्षेमाचा परीघ कुठून कुठे गेला ते बघा. आणि शेवट आपल्याला माहीत आहे. १८९७ च्या प्लेगात, मुलगा डॉक्टर यशवंत याच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

दुसरं घर आपल्या खानदेशाशी जोडलेलं आहे. तुम्हांला माहीत आहे की नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ चा. त्याआधी धुळे जिल्हा, त्याआधी १९०६ पासून पश्चिम खानदेश, आणि त्याच्याही आधी सगळा मिळून एकच खानदेश. त्या खानदेशाच्या मुख्य ठाण्यात, धुळ्याला, १८७९ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची बदली झाली. त्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं होतं, मे महिन्यात पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा जळाला होता, आणि पुण्यातल्या शिकलेल्या लोकांविषयी सरकारच्या मनात संशय होता. रमाबाई रानडे तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे त्यांचं पुस्तक १९१० सालचं. त्यात धुळ्याचे दिवस आहेत. रानड्यांच्या टपालावर सरकारची नजर होती, पत्रं उघडून पाहिली जात होती, हे आपल्याला त्यांच्यामुळे घरातल्या माणसाच्या नजरेनं कळतं.

गंमत बघा. हे वर्ष कोणतं? १८७९. ज्या वर्षी सरकारनं उघडं कार्ड काढलं, त्याच वर्षी धुळ्यात सरकार बंद पाकीट उघडत होतं. आता ज्यानं ती पाकिटं उघडली त्या अंमलदाराचा विचार करा. राजद्रोह शोधायला बसलेला माणूस. आणि रानड्यांसारख्या मोठ्या एकत्र कुटुंबाच्या टपालात काय यायचं? कोणाची मुंज ठरली, कोणाला हिवताप आला, कोणाला पैसे पाठवायचे. ज्याचं क्षेम आहे तो ते आपल्या माणसाला देतो. तिसऱ्यानं ते वाचलं की तीच ओळ पुरावा होते. आज आपल्या फोनमधल्या गोष्टी कोण वाचतं याची चर्चा चालते, ती चर्चा आपल्या खानदेशात सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी एका सतरा वर्षांच्या मुलीच्या घरात जगून झालेली आहे.

रमाबाईंच्या पुस्तकाविषयी अजून एक सांगतो. १८७३ साली रानड्यांच्या पहिल्या पत्नी सखूबाई गेल्या आणि त्याच वर्षी अकरा वर्षांच्या रमाबाई त्या घरात आल्या. एका बाईचं आजारपण संपतं आणि वर्षाच्या आत दुसरी मुलगी त्या जागी बसते. घराचं क्षेम टिकलं, असंच त्या वेळच्या हिशेबानं म्हणायचं! ज्या मुलीला अक्षरओळखही नव्हती, ती पुढे नवऱ्याच्या शेवटच्या आजाराचं वर्णन लिहिते. १६ जानेवारी १९०१ ला रानडे गेले. त्या पुस्तकाचा शेवट म्हणजे एका खोलीचा इतिहास आहे. अंथरूण, रात्र, डॉक्टर, दुखणं आणि ते लपवणारा माणूस, आणि ते ओळखणारी बाई. काँग्रेस, सार्वजनिक सभा, अर्थशास्त्र हे सगळं त्या खोलीच्या दाराबाहेर थांबतं. आणि पुढे, १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झालं, त्यात रमाबाईंनी बायकांना परिचारिकेचं शिक्षण मिळण्यासाठी खटपट केली. तोवर घरात सून, बहीण, बायको म्हणून फुकट आणि अदृश्य असलेलं काम बाहेर येऊन व्यवसाय झालं. आमच्या मते हे दोन धागे एकच आहेत. ज्या बाईनं आजाऱ्याजवळ जागलेली रात्र लिहिण्यालायक मानली, तिनंच ते काम शिकवण्यालायकही मानलं.

तिसरं घर तर टपालखात्याचंच. गोपाळ विनायक जोशी पोस्टात कारकून होते. ३१ मार्च १८६५ ला जन्मलेल्या यमुनेशी त्यांचं १८७४ साली लग्न झालं, ती नऊ वर्षांची असताना, आणि तिची आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. या दहा दिवसांत काय काय पत्रं गेली असतील ती आपल्याकडे नाहीत. मघाशी सांगितलेली रीत आठवा. अशा बातमीचा कागद कोण ठेवणार?

पण या मुलीनं पुढे जी पत्रं लिहिली ती राहिली. १८८० पासून अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंशी तिचा पत्रव्यवहार सुरू झाला. ओळख नाही, देख नाही. एका मासिकात गोपाळरावांचं पत्र छापून आलं होतं ते वाचून त्या बाईंनी लिहिलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. आणि मावशी म्हटल्यावर काय लिहायचं? प्रकृती! अशक्तपणा, डोकेदुखी, ताप. कार्पेंटरबाई रोझेलहून औषधं पाठवत. कोण कुठली अमेरिकन बाई, आणि श्रीरामपूरला, बंगालात, एका कोकणस्थ घरातल्या मुलीचा ताप उतरावा म्हणून समुद्रापलीकडून पुडकं पाठवते. नातं रक्तानं ठरतं असं आपण मानतो. इथे नातं कशानं ठरलं? 'मला बरं नाही' हे खरं सांगण्यानं. सासरच्या ओसरीवर जे मोठ्यानं वाचता आलं नसतं, ते तिला सात समुद्रापलीकडे लिहिता आलं.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात तिनं भाषण केलं आणि आपण अमेरिकेला का जातो ते सांगितलं. हिंदू बायकांना पुरुष डॉक्टरपुढे दुखणं सांगता येत नाही, म्हणून बाई डॉक्टर हवी. मघाशी आपण जे बोललो, बाईचं दुखणं दुसऱ्याच्या तोंडून जाण्याचं, त्यावरचा हा तिचा उपाय होता. ७ एप्रिलला कलकत्त्याहून निघून ४ जूनला ती न्यूयॉर्कला पोचली. जवळजवळ दोन महिने. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकली, हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला, आणि ११ मार्च १८८६ ला डॉक्टर झाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

याच काळात तिनं नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात, लहानपणी त्यांनी तिला केलेल्या मारहाणीची आठवण त्यांनाच करून दिली आहे. दहाव्या वर्षी काय, बाराव्या वर्षी काय, चौदाव्या वर्षी काय. शांतपणे, हिशेब मांडावा तसं. याच गोपाळरावांनी तिला शिकवलं, हट्टानं शिकवलं, हेही खरं. सावित्रीबाईंच्या भावासारखंच हेही घर एका रंगात रंगवता येत नाही. पण लक्षात घ्या, अंगावरचे वळ हीसुद्धा प्रकृतीचीच बातमी असते. ती कळवायला त्या बाईला अमेरिकेपर्यंत जावं लागलं.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर तिची नेमणूक झाली होती. ती रुजू होऊ शकली नाही. क्षयानं २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात ती गेली. बाविसावं वर्ष पुरं व्हायला महिना शिल्लक होता. जी दुसऱ्या बायकांचं दुखणं ऐकायला निघाली, तिचं दुखणं तिच्या आधी पोचलं. तिची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली, आणि त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. पत्रातून जुळलेली मावशी शेवटपर्यंत मावशी राहिली.

आता मित्रहो, इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, ही पुण्या-मुंबईची, शिकलेल्यांची घरं झाली. आमच्या नंदुरबारचं काय? हा प्रश्न योग्य आहे, आणि आजच्या बोलण्याचा खरा मुद्दा तोच आहे.

तळोदा, अक्कलकुवा, धडगाव, नवापूर. या पट्ट्यातल्या भिल्ल, पावरा, मावची, कोकणी घरांत एकोणिसाव्या शतकात पत्रं लिहिली जात नव्हती. म्हणजे क्षेम विचारलं जात नव्हतं का? विचारलं जात होतं. बाजाराच्या दिवशी निरोप जात, कोणाच्या पाड्यात कोण अंथरुणाला खिळलं ते कळे, बडव्याला बोलावणं जाई. पण निरोप हवेत विरतो, त्याला तार नाही आणि खुंटी नाही. मग या घरांच्या आजारपणाची बातमी आपल्याला कागदावर कुठे भेटते? १८८० साली छापलेल्या खानदेशच्या गॅझेटियरमध्ये. त्या मालिकेतल्या प्रत्येक खंडाप्रमाणे त्यातही आरोग्याचं एक प्रकरण आहे. ताप, दवाखाने, देवी काढलेल्यांची संख्या, जन्म आणि मृत्यू. या पश्चिमेकडच्या जंगलपट्ट्याची ओळख तेव्हाच्या सरकारी कागदांत 'हिवतापाचा मुलूख' अशी आहे. आणि ही काळजी मुख्यतः कोणाची? इथे बदलून येणाऱ्या अंमलदारांची!

म्हणजे बघा, सावित्रीबाईंच्या आजाराला भाऊ आहे, फातिमा आहे, जोतीराव आहेत. आनंदीबाईंच्या तापाला मावशी आहे. अक्कलकुव्याच्या एखाद्या आजीच्या पणजीच्या तापाला फक्त एक आकडा आहे. एकीचं दुखणं गोष्ट होतं आणि दुसरीचं दुखणं बेरीज होतं. माणूस म्हणून दोघींच्या तापात काय फरक होता? अंश तेवढेच, रात्र तेवढीच, उशाशी बसणारं माणूसही तसंच. फरक इतकाच की एकीच्या घरात कागद होता.

आकड्यांना आम्ही नावं ठेवत नाही. आकडे नसते तर कुपोषण सरकारला दिसलं नसतं, सिकलसेलची तपासणी झाली नसती. या जिल्ह्यानं या दोन्ही गोष्टी फार सोसल्या आहेत आणि अजून सोसतो आहे. पण आकडा सांगतो किती; कोण, हे तो सांगत नाही. आणि 'क्षेम' या शब्दात 'कोण' आहे. आपल्या घरातली जी माणसं होती तीच टिकली का, असा तो प्रश्न आहे. अमुक इतकी मुलं वाचली ही आनंदाची बातमी असते. आपलं मूल त्यांत आहे का, हे आईला वेगळं विचारावं लागतं.

दिवाळी झाली की या जिल्ह्यातली किती कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात, ते तुम्ही आमच्यापेक्षा जास्त जाणता. म्हातारी माणसं पाड्यावर, नवराबायको फडात, लहान मूल कधी इकडे, कधी तिकडे. संध्याकाळी डोंगराच्या ज्या टोकाला रेंज येते तिथे जाऊन फोन लागतो. पहिलं वाक्य काय असतं? कोणी अहिराणीत म्हणतं, 'बरं शे ना?' कोणी भिलीत, कोणी पावरीत. तेच ते वाक्य! 'येथील क्षेम, आपले क्षेम कळवावे.' आणि दुसऱ्या बाजूनं उत्तर येतं, 'बरं शे.' त्या 'बरं'च्या पोटात काय काय लपलेलं असतं, तेही जुन्या काळासारखंच. बाळंतीण बाई फडात कामाला जाते हे आईला कसं सांगायचं? नातवाचं वजन वाढत नाही हे मुलाला कसं सांगायचं? लांबच्या माणसाला काळजी नको म्हणून खोटं बोलणं हीसुद्धा मायाच असते. पण त्या मायेमुळे औषध उशिरा पोचतं. आनंदीबाईंनी मावशीला खरं लिहिलं म्हणून पुडकं आलं, हे विसरता कामा नये.

शेवटी दोन विनंत्या. एक, ज्यांच्या घरी पेटीत, माळ्यावर जुनी पत्रं असतील, मोडीतली असोत, गुजरातीतली असोत, व्यापाऱ्याच्या घरची असोत की शिक्षकाच्या, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. त्यांत राजकारण नसेल. 'काकूंचा खोकला कमी आहे' एवढंच असेल. तेच जपा. कोणत्या ओळीत कोणाचं नाव आपल्यासाठी राहिलं असेल ते सांगता येत नाही. फातिमेचं तसंच राहिलं.

आणि दुसरी विनंती इथल्या शिकलेल्या मुलामुलींना, विशेषतः पाड्यांवरून शिकायला आलेल्यांना. तुमच्या घरात कागद नव्हता, पण आजी आहे. तिच्याजवळ बसा आणि तिला लढे विचारण्याआधी आजार विचारा. तुझी किती मुलं झाली, किती राहिली, गेलेल्यांची नावं काय होती, त्या वेळी तुझ्या उशाशी कोण बसलं होतं? तिच्या बोलीत लिहून घ्या, आणि खाली तारीख घाला, आपले पूर्वज घालत होते तशी. अमुक दिवसापर्यंत आजीनं सांगितलं ते हे. पुढच्या कोणाला तरी ते पत्र पोचेल.

आमच्याकडून आज एवढंच. येथील क्षेम, आपले क्षेम कळवीत जावे.